दोन शिक्षक, चार वर्ग आणि इतके विषय: जमतं कसं?

ठाण्याहून_जुन्नर:

नमस्कार. जूनमध्ये आम्ही ठाण्याहून सासरच्या गावी, जुन्नर तालुक्यात राहायला आलो. मुलगा तिसरीत आहे. तिकडे इंग्रजी माध्यमात होता, इथे जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलाय. शाळा पहिली ते चौथी, पट ४६. एक सर आणि एक बाई, संपला स्टाफ.

तक्रार नाही, हे आधीच सांगते. पोरगा खूश आहे, जरा जास्तच. पण तिथे कोणता विषय कधी शिकवतात ते मला काही केल्या कळत नाही. ठाण्यात वेळापत्रक डायरीत चिकटवलेलं असायचं. आठ तासिका, प्रत्येक विषयाची वेगळी वही, चित्रकला कोणत्या वारी ते मला झोपेतही सांगता आलं असतं. इथे संध्याकाळी विचारलं, "आज काय शिकवलं?" तर म्हणतो, "तांदूळ मोजले." दुसऱ्या दिवशी, "गावात विहिरी किती ते विचारत फिरलो." वही उघडली तर एकाच पानावर वर गुणाकार, खाली कवितेच्या दोन ओळी आणि मधल्या जागेत भेंडीचे ठसे.

शिवाय तो मराठी आकड्यांना अडतो. फॉर्टी-नाइन म्हटलं की झटकन लिहितो, एकोणपन्नास म्हटलं की माझ्याकडे बघत बसतो. परवा त्रेसष्ट सांगितलं तर ३६ लिहिलं.

तर विचारायचं हे की मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, चित्रं, खेळ, कार्यानुभव हे सगळं चार वर्गांना दोन माणसं शिकवतात तरी कशी? आणि मी घरी वेगळा अभ्यास घ्यायला हवा का? नवरा म्हणतो, "मी याच शाळेत शिकलो, माझं काही बिघडलं का?" याचं उत्तर मी सध्या राखून ठेवलंय.

चिंचवडकर_बाबा:

ताई, मनाला लावून घेऊ नका, पण जमत नाही हेच खरं उत्तर आहे. माझा भाचा अशाच दोनशिक्षकी शाळेत होता. दोघांपैकी एक सर कधी प्रशिक्षणाला, कधी मतदारयादीच्या कामाला. उरलेले सर चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसायचे. त्या दिवशी विषय एकच असायचा, हाताची घडी तोंडावर बोट. घरी अभ्यास घ्या, नाहीतर पुढे जड जाईल.

प्रवरेकाठचा_मास्तर:

ताई, मी अकोले तालुक्यात मास्तर आहे. (नगरकडचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे. माझं टपालसुद्धा एकदा तिकडं फिरून आलंय.) २००१ साली शिक्षणसेवक म्हणून लागलो, महिना ३००० रुपये मानधनावर, आणि तेव्हापासून दोनशिक्षकी शाळांतच आहे. कायद्याने पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत शिक्षक दोनच मिळतात, म्हणजे तुमच्या शाळेत कुणी कमी नेमलंय असं नाही.

तुमचा पोरगा तांदूळ मोजतो म्हणाला ना, तिथूनच सुरू करतो. पोषण आहारात या वर्गांतल्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरलेली आहे. आमच्याकडे हजेरी झाली की पहिलीची पोरं फळ्यावर आकडे लिहितात. पट ४१, हजर ३८. दुसरीवाल्यांनी गैरहजर किती ते काढायचं, आणि कोण का आलं नाही तेही उभं राहून सांगायचं. यात इतकी भर पडते की पुष्कळदा आवरावं लागतं, पण पोरगं पूर्ण वाक्यात बोलायला लागतं ते तिथंच. तिसरीने ३८ ला १०० ने गुणायचं. चौथीने त्याचे किलो-ग्रॅम करायचे, डाळीचा वेगळा हिशेब मांडायचा आणि स्वयंपाकाच्या मावशींसोबत काट्यापाशी उभं राहायचं. वीसेक मिनिटांत चारही वर्गांचं काहीतरी होतं, आणि पातेलंही चढतं.

मागं एकदा चौथीतल्या एका मुलीने लिहिलं, ३८०० ग्रॅम म्हणजे ३ किलो ८ ग्रॅम. मी खोडलं नाही. म्हटलं, जा, घाल मोजून. तिने तीन किलो घातले आणि मग आठ ग्रॅमसाठी चिमूट टाकली. काट्यावरचा आकडा हलेना. आणखी एक चिमूट टाकली. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, तीन किलोत तीस पोरं जेवली. राहिलेली आठ एवढ्यावर जेवणार व्हय?" पोरगी तशीच मूठ धरून उभी. मग एकदम, "आठ पोरांचं आठशे!" म्हणत फळ्याकडं पळाली, आणि आठापुढं दोन शून्यं अशी ठळक काढली की खडू मोडला. हे मला फळ्यावर समजावायला आठवडा लागला असता. मावशींचं नाव शिक्षकांच्या यादीत कुठंच नाही, ते जाऊ द्या.

आता याचा अर्थ सगळं तांदळातच शिकवून होतं असा काढू नका. अशी भाषणं प्रशिक्षणात ऐकून माझे कान किटले आहेत. वाचन आणि संख्या यांना रोजचा ठरलेला वेळ लागतोच. तिथं मी कुणाचं ऐकत नाही. सकाळचा पहिला तासभर वाचन, प्रत्येक पोराचं, आणि ज्याचं अडतं त्याचं माझ्या टेबलापाशी. बाकीचं दिवसात सरकवता येतं.

आमच्यात बाईंकडे पहिली-दुसरी आणि माझ्याकडे तिसरी-चौथी. काही शाळा पहिली आणि चौथी एकत्र बसवतात, म्हणजे थोरली धाकट्यांना घेऊन बसतात. मी तिसरीशी बोलत असलो की चौथीने आपापलं काम करायचं. बहुवर्ग अध्यापनातली सगळी कसरत इथं आहे. वीस मिनिटं "गुरुजी, झालं!" अशी आरोळी येणार नाही असं काम दुसऱ्या वर्गाला देता आलं पाहिजे. नवीन असताना मी सरळ "धडा उतरवून काढा" म्हणायचो. पोरांची अक्षरं मोत्यासारखी झाली, आणि धड्यात काय आहे ते एकाला सांगता येईना. आता तिसरीशी बोलण्याआधी चौथीला म्हणतो, धडा वाचा आणि पुस्तकात नसलेले पाच प्रश्न काढा. एकमेकांना अडवायला म्हणून तरी धडा तीनदा वाचतात.

परिसर अभ्यासात तर विषय कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते मलाही सांगता येत नाही. तिसरीचं हे पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं असतं, तुमच्याकडे पुणे जिल्ह्याचं असेल. आमच्या नकाशात प्रवरा आहे. रतनगडावर उगम, भंडारदऱ्याचं धरण, पुढं नेवासं आणि मग प्रवरासंगमला गोदावरी. पोरं बोट फिरवत नेवाशाला आली तेव्हा म्हटलं, परिपाठाला पसायदान म्हणता ना, ते इथलं. शके १२१२ ला ज्ञानेश्वरी इथंच सांगितली. एक पोरगा म्हणाला, "मंग गुरुजी, आपल्याकडूनच गेल्यालं पाणी प्यालं असतील ते." याला भूगोल म्हणायचं, इतिहास म्हणायचा की मराठी? टाचणवहीत मी परिसर अभ्यास लिहिलं, कारण एक काहीतरी लिहावंच लागतं.

जे आम्हाला नीट जमत नाही तेही सांगतो. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, आणि मी पाचवीत एबीसीडी गिरवलेला माणूस. माझे उच्चार पोरांनी उचलू नयेत म्हणून मोबाइलवर गोष्टी ऐकवतो. गाण्याच्या बाबतीत मी दगड आहे. ओव्या आणि फेर मावशी घेतात, चित्रकला बाई घेतात आणि लंगडी-खोखो माझ्याकडे. बाई रजेवर असल्या की त्या आठवड्यात चित्र नाही. चिंचवडकरांनी लिहिलंय ते खोटं नाही. मी बाहेरच्या कामावर गेलो की बाईंचे तसेच हाल होतात. माहिती भरा, फोटो अपलोड करा, आजच्या आज पाठवा, यात जाणारा वेळ कुठल्याच विषयाच्या खात्यावर पडत नाही.

त्रेसष्टचं ३६ का झालं, तर आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. लिहिताना उलटं. त्याच्या कानावर तीन आधी पडतो, तो तीन आधी लिहितो. मराठी घरातली पोरंही हेच करतात. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणितात तेवीसच्या जोडीला 'वीस तीन' दिलं तेव्हा केवढी टिंगल झाली, विधानसभेपर्यंत गेलं. मला विचाराल तर कल्पना वाईट नव्हती. घरी एवढंच करा. खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधा, आणि "त्रेसष्ट दे" म्हणा. हाताने सहा गठ्ठे आणि तीन सुट्या उचलू द्या, लिहायचं नंतर. एकोणपन्नाससाठी पाच गठ्ठे द्या आणि "एक उणी कर" म्हणा. गठ्ठा सोडावा लागतो, तिथं एकोण म्हणजे काय ते कळतं.

वेगळा अभ्यास घेऊ नका, रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून घ्या. आणि सहामाहीच्या गुणांवरून घाबरू नका. तिसरी-चौथीला १०० पैकी ६० आकारिकचे असतात, म्हणजे तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, वर्गातली कृती. संकलित, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, फक्त ४०.

धारणीची_बाई:

मास्तरांच्या तांदळाला माझं अनुमोदन, आमच्याकडेही काटा हेच सगळ्यात चांगलं साहित्य आहे. पण मेळघाटात त्याआधीची एक पायरी असते. माझ्या पहिलीतल्या मुलांच्या घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मराठीची बोली नाही, तिचं कूळच वेगळं. त्यामुळे मी "पान" म्हणाले तर मुलासमोर काहीच उभं राहत नाही.

पहिल्या वर्षी एक मुलगा दिवाळीपर्यंत वर्गात एक शब्द बोलला नव्हता. मी त्याला मंद समजत होते, आता लिहायलाही लाज वाटते. मग एकदा सगळ्यांना वेगवेगळी पानं आणायला सांगितली. म्हटलं, तुम्ही तुमच्या भाषेत नाव सांगा, मी फळ्यावर लिहिते आणि शेजारी मराठी लिहिते. हा ओंजळभर पानं घेऊन आला. निम्म्यांची मराठी नावं मलाच माहीत नव्हती. त्याने सांगितलेलं एक नाव मी इतकं वेडंवाकडं म्हटलं की वर्ग हसून लोळला. तो पुढे आला आणि मला दोनदा म्हणून दाखवलं, हळू, जसं मी त्यांना दाखवते तसं. मोजणी, रंग, मोठं-लहान हे सगळं पुढे पंधरा दिवस त्याच पानांवर चाललं.

ताई, तुमचा मुलगा इंग्रजीतून मराठीत आलाय. फरक पुष्कळ आहे, पण थोडा वेळ त्यालाही लागणारच. त्याला फॉर्टी-नाइन म्हणू द्या, शेजारी एकोणपन्नास ठेवा.

ठाण्याहून_जुन्नर:

खूप आभार, विशेषतः काड्यांसाठी. चार दिवस झाले. सासूबाईंचा नवा खराटा निम्मा झालाय आणि त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतायत. पण काल त्रेसष्ट बरोबर आलं. एकोणसत्तरला गठ्ठा सोडताना म्हणाला, "एवढं सोडायचं तर आधीच नऊ ठेवायचे ना." मला उत्तर सुचलं नाही.

सरांना भेटले. विहिरींचं काय ते विचारलं, तर त्यांनी मुलांचा तक्ताच दाखवला. विहिरी किती, कुणाला पाणी आहे, कोणती बुजली आणि का. "का" या रकान्यात माझ्या मुलाने लिहिलंय: आजोबा भांडले.

प्रवरेकाठचा_मास्तर:

गठ्ठ्याबद्दलचा त्याचा प्रश्न रास्त आहे, माझ्याकडेही उत्तर नाही.

आणि ताई, तुम्ही जुन्नरात राहून आकड्यांचं मला विचारताय! नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. राणी नागनिकेच्या घराण्याने यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण (तेव्हाची नाणी) यांची मोजदाद भिंतीवर कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे आहेत, देशातल्या अगदी जुन्या कोरीव आकड्यांत गणले जातात. पोराला घेऊन जा आणि एक, दोन अशा आडव्या रेघा सापडतात का ते शोधायला लावा. बाहेर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. त्यात किती पायली मावतील ते त्यालाच अंदाजाने सांगू दे. पाऊस पूर्ण उघडल्यावरच जा, आणि रविवार टाळा.

ठाण्याहून_जुन्नर:

नक्की जाणार. नवऱ्याला विचारलं, नाणेघाटात आकडे कोरलेत हे माहीत होतं का? म्हणाला, "आम्ही तिथे भजी खायला जायचो."

वर राखून ठेवलेलं उत्तर आता देऊन टाकते.