झेब्रा फिंचची मादी गेली. एकटा नर पिल्ले वाढवू शकेल का?

प्रश्न (वेंगुर्ले)

नमस्कार. आमच्या परसातील पक्षीघरात झेब्रा फिंचच्या तीन जोड्या आहेत. परवा सकाळी त्यांतली एक मादी तळाशी मरून पडलेली दिसली. तिच्या घरट्याच्या मडक्यात चार पिल्ले असून सर्वांत मोठे नऊ दिवसांचे आहे. नर दिवसभर मडक्यात ये-जा करतो आणि तो आत शिरला की पिल्लांचा चिवचिवाटही ऐकू येतो. तरीही एकट्याला चौघे झेपतील का, की पिल्ले काढून हाताने भरवावीत, हे ठरत नाही. शेजारी नवी मादी आणून सोडण्याचा सल्ला देतात. पाऊस चार दिवस उघडलेला नाही आणि रात्री वीज हमखास जाते.

उत्तर (गुहागर)

पिल्ले काढू नका. आपल्याकडच्या सुगरणीत नर घरटे विणून मोकळा होतो आणि अंडी उबवते ती मादीच. ऑस्ट्रेलियातून आलेल्या या पक्ष्याचे तसे नाही. येथे नर-मादी दोघेही अंडी उबवतात, दोघेही पोटातले दाणे वर काढून भरवतात, आणि मादी पुढच्या विणीला लागली की मागच्या पिल्लांचा बहुतेक भार नरच उचलतो. त्यामुळे भरवण्यापेक्षा मला काळजी रात्रीच्या उबेची वाटते, कारण नऊ दिवसांच्या पिल्लाला अजून पुरती पिसे नसतात.

दिवेलागणीला मडक्यात एकदाच बॅटरी मारून पाहा. पिल्लाच्या मानेच्या बाजूला फुगलेली पिशवी दिसेल; कातडी इतकी पातळ असते की आतले राळ्याचे दाणे अक्षरशः मोजता येतात. ती भरलेली असेल तर हात लावू नका. रिकामीच दिसू लागली, तरच हाताने भरवण्याचा विचार करावा. विजेचा भरवसा नसल्याने बल्बऐवजी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मडक्याला बाहेरून टेकवा. पिल्ले एकमेकांपासून दूर सरकून चोच उघडी ठेवू लागली, तर ऊब जास्त होते आहे असे समजा.

भिजवलेले राळे आणि उकडलेले अंडे द्या; मात्र या दमट हवेत दोन-तीन तासांत उरलेले काढून टाका, ते फार लवकर आंबते.

उत्तर (रत्नागिरी)

वरील मताशी सहमत आहे. नवी मादी मात्र मुळीच आणू नका. तिला स्वतःची वीण हवी असते, दुसरीची पिल्ले नव्हे, आणि ती मडक्याचा ताबा घेऊन पिल्ले बाहेर टाकण्याची शक्यता असते. त्याच कारणाने उरलेल्या दोन जोड्या जाळी लावून वेगळ्या करा, परंतु हे मडके जागचे हलवू नका.

ही मादीची कितवी वीण होती? सलग विणींनी मादीच्या अंगातले कॅल्शियम संपत जाते. ते भरून काढायला समुद्रफेस, म्हणजे माकुळाचे चुनखडीसारखे पांढरे हाड, ठेवावे लागते. तो दुकानातून आणण्याचीही गरज नाही; किनाऱ्यावर वाहून आलेला गोळा करून गोड्या पाण्यात काही दिवस, पाणी बदलत, भिजत ठेवावा आणि कडक वाळवून जाळीला अडकवावा.

पिल्ले साधारण तिसऱ्या आठवड्यात बाहेर पडतील आणि पाचव्यापर्यंत स्वतः खाऊ लागतील. तरीही नर पिल्लांना लगेच बापापासून तोडू नका, कारण साधारण 25 ते 65 दिवसांच्या वयात ती त्याचेच गाणे ऐकून शिकतात.

प्रश्नकर्ता (वेंगुर्ले), तीन आठवड्यांनंतर

ती सलग चौथी वीण होती. विणीत खंड पडावा म्हणून मडकी वेळेवर काढायला हवी होती, ती काढली नाहीत, ही चूक माझीच. सर्वांत लहान पिल्लू दुसऱ्याच रात्री गेले. त्या रात्री बाटली पहाटेपूर्वीच निवली होती, म्हणून पुढे मी दोन वाजता उठून पाणी बदलू लागलो. उरलेली तिन्ही बाहेर पडली आहेत. नर दांडीवर बसला की तिघेही मान खाली घालून, चोच वर वळवून त्याला घेरतात. तो बिचारा बारीक झाला आहे. जाळीपलीकडच्या जोड्यांची मडकी कालच उतरवली.