'द सायलेंट वर्ल्ड'मधला लाल रंग आपल्या चित्रणात का येत नाही?

शिंपला: जाक कूस्तो आणि लुई माल यांच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या समुद्राखालच्या माहितीपटात (1956) खोल पाण्यात दिवे लागले की प्रवाळ लाल-केशरी उजळतात. मालवणला 8 मीटर खोलीवर ॲक्शन कॅमेऱ्याने केलेलं चित्रण मात्र हिरवट-राखाडी येतं. लेन्सवर लाल फिल्टर (रंगीत काच) लावूनही फरक पडला नाही. मोठा टॉर्च घ्यावा का?

खडकपाला: आधी जवळ जा, टॉर्च नंतर. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. अगदी स्वच्छ पाण्यातही 5 मीटरला तो फिका पडलेला असतो आणि 10 मीटरच्या आसपास जवळजवळ संपतो. केशरी, पिवळा त्यामागून जातात. हा हिशेब फक्त खोलीचा नाही, आडव्या अंतराचाही आहे. प्रवाळ 2 मीटरवर असेल तर टॉर्चचा उजेड जाऊन-येऊन 4 मीटर पाणी कापतो, म्हणजे लाल वाटेतच खर्च. त्या चित्रपटात दिवे धरणारे पाणबुडे कॅमेऱ्यापासून वेगळे पोहतात आणि दिवा प्रवाळाजवळ नेतात. दिव्यांना वीज 'कॅलिप्सो' जहाजावरून केबलने मिळायची, त्यामुळे बॅटरीची काटकसर नव्हती. तुम्ही प्रवाळ 50-60 सेंटीमीटरवर ठेवून पाहा, साध्या टॉर्चनेही रंग येईल.

गढूळ: फिल्टर चुकलाय. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो. मालवणचं पाणी बहुतेक वेळा हिरवं, तिथे मॅजेंटा (गडद गुलाबी) लावा. फिल्टर नवा रंग घालत नाही, बाकीचे रंग अडवतो. म्हणून चित्र काळवंडतं आणि 15-20 मीटरखाली तो निरुपयोगी. टॉर्च लावलात तर फिल्टर काढाच, नाहीतर जवळचं सगळं लालेलाल. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कोणता हे कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) बंद करा, तो चालू शॉटमध्येच रंग बदलतो. पांढरी पाटी समोर धरून स्वतः सेट करा आणि खोली 3-4 मीटरने बदलली की पुन्हा करा.

शिंपला: टॉर्च लावला की बर्फ पडल्यासारखे ठिपके दिसतात, त्याचं काय?

खडकपाला: तो गाळ आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव). टॉर्च लेन्सच्या शेजारी असला की त्यांच्यावरचा उजेड सरळ परत येतो. 30-40 सेंटीमीटर लांब दांड्यावर टॉर्च बसवा आणि थोडा बाहेरच्या बाजूला वळवा; झोताची फक्त कड प्रवाळावर पडू द्या. फिन्स (पायातले पोहण्याचे पंख) तळाला लागल्या तर मात्र कुठलीच युक्ती चालत नाही, गाळ बसेपर्यंत थांबा.

गढूळ: एक सांगून ठेवतो. त्या चित्रपटातून प्रकाशयोजना शिका, वागणूक नको. त्यात मासे मोजायला प्रवाळात सुरुंग लावलाय, शार्क मारलेत. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. जवळून चित्रण करताना तोल सावरायला प्रवाळ धरायचा नाही. पाण्यात एका पातळीवर स्थिर तरंगणं जमत नसेल तर आधी कॅमेरा बोटीवर ठेवून त्याचा सराव करा.