मासेमारी बंदीत परत आलेल्या मित्राचं कॅरेक्टर कुठल्या लेव्हलला ठेवू?

पडवीतला_डीएम:
देवगडात आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रचत जायचा खेळ) पाचवी एडिशन खेळतो, 2014 ची पुस्तकं, मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. एक मित्र बोटीवर असतो, त्यामुळे तो नीट येतो ते 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हाच, एरवी दर्या खवळून बोटी बंदरात राहिल्या तर एखादा रविवार. बाकी तिघं लेव्हल 5 झालेत नि ह्याचा फायटर (लढवय्या) अजून 3 वर, 900 एक्सपी (अनुभवाचे गुण, ते साठले की लेव्हल वाढते). जो हजर त्यालाच एक्सपी असं मी ठेवलं होतं, मला तेच न्यायाचं वाटायचं. पण परवा दुसरा फायटर एका टर्नला दोनदा मारत होता, हा एकदाच, मग हा गप्पच झाला आणि पागोळ्यांकडे बघत बसला, मला फार लागलं ते. सरळ 5 वर आणू का? बाकीचे म्हणतात आम्ही वर्षभर खेळून मिळवलं, त्याला असंच कसं.

खाडीकाठ:
भावा तक्ता बघ आधी. तुमचे तिघं 6500 वर असतील तर 6 व्या लेव्हलला 14000 लागतात, म्हणजे अजून 7500. इथून पुढे सगळ्यांना सारखे दिलेस तर ह्याचे 900 अधिक 7500, 8400 होतात, म्हणजे ते 6 वर पोचतील तेव्हा हा 5 वर असेल. वरच्या लेव्हलला जास्त एक्सपी लागतात म्हणून मागचा आपोआप जवळ येतो. पण तोवर तो जगला पाहिजे ना. लेव्हल 3 चा फायटर, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +2 धर, हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) 28. फायरबॉल ह्या आगीच्या मंत्राचं डॅमेज आठ सहाबाजू फासे, सरासरी 28. सेव्ह (बचावाचा फासा) चुकला की आडवा.

माडाखाली:
आम्ही एक्सपी मोजणंच सोडलं. गणपतीत दोन चाकरमानी येतात, त्यांचा हिशोब कोण ठेवणार. माइलस्टोन ठेवलाय, गोष्टीतला मोठा टप्पा झाला की सगळ्यांची लेव्हल एकदम वाढते, हजर असो नसो. ह्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता, पोरं आता दिसेल त्या गोब्लिनला मारत सुटत नाहीत, बोलतात त्याच्याशी, कारण मारून वेगळं काही मिळत नाही.

जुना_फासा:
सगळे एकाच लेव्हलला हवेत हे सुरुवातीपासून नव्हतं बरं का. 1981 च्या डी अँड डी बेसिकमध्ये लेव्हल 2 ला चोराला 1200, फायटरला 2000, जादूगाराला 2500 लागायचे आणि बहुतेक एक्सपी शत्रू मारून नाही तर खजिना बाहेर आणून मिळायचे, एका सोन्याच्या नाण्याला एक. तिथे एक लेव्हल मागे असलेला निभावून न्यायचा. पाचव्या एडिशनमध्ये 5 वर फायटरला दुसरा हल्ला मिळतो, विझर्डला (जादूगाराला) फायरबॉल, प्रोफिशियन्सी (फाशात मिळवायचा कसबाचा आकडा) +3 होते, तिथे 3 वाल्याची फारच ओढाताण होते. माझं मत, आण त्याला 5 वर. आणि रूनक्वेस्ट हा असाच दुसरा खेळ जमलं तर बघा कधी, तिथे लेव्हलच नाही, जे स्किल वापरून यशस्वी झालं त्यावर खूण करायची, नंतर शंभरात फासा टाकायचा, आहे त्या आकड्याच्या वर पडला तरच स्किल वाढतं. म्हणजे जितकं येतं तितकं पुढे शिकणं कठीण, मला हे फार खरं वाटतं.

पडवीतला_डीएम:
खाडीकाठ, 28 चा हिशोब बघून मी ठरवलंच, 5 वर आणतो. आणि त्याचा फायटर इतके महिने जहाजावर होता असं गोष्टीतच घालतो, म्हणजे तो काही बसून नव्हता, वादळं काढून आलाय. हे तिघांना सांगितलं, कोणी काही बोललं नाही, एकाने जहाजाचं नाव काय ते विचारलं. ते त्यालाच ठेवायला सांगतो रविवारी.