मदत हवी आहे: 'तेरापट धोका' म्हणजे नेमकं काय?

मंडळी, आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. आमच्या कॉलनीत ज्येष्ठांचं अभ्यास मंडळ आहे. परवा तिथे 'गुन्हा आणि जनुकं' यावर बोललो आणि चांगलाच अडकलो.

फिनलंडचा अभ्यास सांगत होतो. यारी टीहोनेन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जवळपास ९०० कैद्यांची जनुकं तपासली, २०१४ साली निबंध आला. खून, खुनाचे प्रयत्न, मारहाण असे किमान दहा गुन्हे नावावर असलेल्यांत दोन गोष्टी जास्त सापडल्या: एमएओए जनुकाची मंद (कमी काम करणारी) आवृत्ती आणि सीडीएच१३ या दुसऱ्या जनुकाचा एक प्रकार. एमएओएचं एन्झाइम डोपामाइन, सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनांचं विघटन करतं. हिंसा न केलेल्या कैद्यांत हा संबंध फारसा दिसला नाही. बातम्यांत आलं, धोका तेरापट!

मागच्या खुर्चीवरून एक वकीलबाई म्हणाल्या, "सर, मग जामिनाला विरोध करताना रक्ताचा रिपोर्ट जोडायचा का?" सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर सुचलं नाही. 'नाही' एवढं माहीत आहे, 'का नाही' ते नीट सांगता येत नाही. शिवाय त्यांनी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअरच्या सायकोपथी (दुसऱ्याची पर्वा आणि पश्चात्ताप नसणारा स्वभाव) मोजायच्या यादीबद्दलही विचारलं, तिथे तर मी कोराच. रविवारी पुन्हा बोलायचंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद: आकडेमोडे

सर, तेरापट, पण कशाच्या? गोम तिथेच आहे. फळ्यावर असं मांडा (आकडे माझे, समजण्यापुरते). ती आवृत्ती नसलेल्या दहा हजार पुरुषांत असा अट्टल हिंसक एक निघतो असं धरू. असलेल्या दहा हजारांत तेरा निघतील. झाले तेरापट! आणि उरलेले ९,९८७? रिपोर्ट पाहून आत टाकायचं ठरवलं, तर तेरांसाठी तेवढे निरपराध आत जातील.

एकट्या एमएओएची मंद आवृत्ती तर युरोपीय वंशाच्या साधारण एक तृतीयांश पुरुषांत असते. एवढे सगळे सुरे घेऊन फिरत असते तर युरोपात कोणी घराबाहेर पडलं नसतं.

प्रतिसाद: मनकवडी

हेअर यादीबद्दल. २० मुद्दे, प्रत्येकाला ०, १ किंवा २, एकूण ४०. अमेरिका-कॅनडात ३० किंवा वर गेलं की सायकोपथ म्हणतात. अर्धी यादी स्वभावाची: गोड बोलून गुंडाळणं, पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याच्या दुःखाने न हलणं. अर्धी वागण्याची: उतावीळपणा, लहानपणापासूनचा उपद्व्याप, जुने गुन्हे. पुन्हा हिंसा होईल का, हे सांगायला ही दुसरी अर्धी जास्त कामी येते. म्हणजे 'थंड डोळ्यांचा राक्षस' वगैरे बाजूला ठेवा, पूर्वी काय केलं तेच बरंचसं बोलतं.

वकीलबाईंना हेही सांगा. २०१३ साली अमेरिकेत शंभरावर तज्ज्ञांना त्याच त्या फायली दिल्या. काहींना सांगितलं तुम्ही सरकार पक्षाचे, काहींना बचाव पक्षाचे. सरकार पक्षाच्यांनी गुण जास्त दिले! माणूस तोच, कागद तेच.

आणि जनुकांचा रिपोर्ट कोणाच्या बाजूने पडेल याचाही भरवसा नाही. इटलीत त्रिएस्तेच्या कोर्टाने २००९ साली एका खुनाच्या अपिलात एमएओए वगैरे पाहून शिक्षा एक वर्षाने *कमी* केली.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ९,९८७ फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे. त्रिएस्तेचं ऐकून वकीलबाई खूश होतील, त्या बचाव पक्षाच्याच आहेत.

पण मनकवडीताई, एक शंका राहतेच. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधला २००२ सालचा अभ्यास आत्ता वाचला. तिथे नुसत्या मंद जनुकाने फरक पडला नाही, लहानपणी छळ झालेल्यांतच तो दिसला. जनुक आणि छळ दोन्ही वाट्याला आलेली मुलं १२ टक्के, पण हिंसक गुन्ह्यांतल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर. मग कोर्टापुढे जनुकाचा रिपोर्ट ठेवायचा की बालपणाचा? आणि ते बालपण कोणत्या कागदावर सापडतं?