सोलापूरहून अंदमान: सहकुटुंब डायव्हिंग

प्रश्न: आम्ही दोघं, आई, 7 आणि 11 वर्षांची मुलं. फेब्रुवारीत 7 दिवस आहेत, धावपळ नको. कसं आखावं?

उत्तर 1: रेल्वेने चेन्नई, तिथून विमान. मग बोटीने हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) सलग 4 रात्री राहा. रोज बेट बदललंत तर सुट्टी धक्क्यावरच जाते.

उत्तर 2: धाकट्याला स्नॉर्केलिंगच (नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगणं), समुद्रातल्या स्कूबाला (हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) किमान 10 वर्षं लागतात. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द करा, कानातला दाब मोकळा होत नाही. हा दाब सोडायला खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर मीटरला, दुखायच्या आधीच. दुखलंच तर थोडं वर यायचं. जोर अजिबात नको, पडदा फाटतो.

उत्तर 3: डाइव्ह पहिल्या दिवसांतच उरका. विमानाआधी किमान 18 तास कोरडे (डाइव्हशिवाय) ठेवा, अंगात नायट्रोजन उरलेला असतो. आईंना संध्याकाळी हॅवलॉकवरचाच राधानगर किनारा.