नगरपरिषदेकडून कचरा डेपोचे कागद काढायचे आहेत, अर्ज कसा लिहू?

विहीरवाली
नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याचं गाव, नगरपरिषद आहे. गावाबाहेर वर्षानुवर्षांचा कचरा साठलाय आणि त्याच्या उताराला, अर्ध्या किलोमीटरवर आमचं शेत. दोन पावसाळे झाले, विहिरीचं पाणी हंड्यात रात्रभर ठेवलं की सकाळी वर तेलकट तवंग आणि बुडाशी तांबूस गाळ. नगरपरिषद म्हणते, बायोमायनिंग, म्हणजे जुना ढीग उकरून, चाळून, वेगळा करून हलवायचं काम, पूर्ण झालं. ढीग मात्र जागच्या जागी, नुसती वरून माती पसरलीय.

माहिती अधिकारात अर्ज टाकला. विचारलं की कचरा का उचलला नाही, आमच्या विहिरीला जबाबदार कोण, कारवाई कधी करणार. महिना भरायला दोन दिवस असताना एका ओळीचं पत्र आलं: 'आपला अर्ज प्रश्नार्थक स्वरूपाचा असल्याने माहिती देता येत नाही.' सासरे म्हणतात वकील गाठ. खरंच लागतो का?

जुना_कारकून
ताई, वकील नको. मी नगरपरिषदेत आवक-जावकपासून लेखा विभागापर्यंत सगळी टेबलं फिरून निवृत्त झालोय, त्यामुळे पलीकडच्या बाजूचं सांगतो. 'का' विचारणारा अर्ज आला की आम्ही खूश. एका ओळीत निकाली! कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला कागद, नोंदवही, नमुना, ईमेल वगैरे. साहेबांच्या मनातलं कारण त्यात बसत नाही. तुम्ही कागदाचं नाव घेतलंत की मात्र कुणाला तरी उठून कपाट उघडावंच लागतं.

या कामात कागद भरपूर होतात. ठराव, कार्यादेश, काम सुरू होण्याआधीचं ढिगाचं मोजमाप, मोजमाप पुस्तक, ठेकेदाराची देयकं, त्रयस्थ संस्थेचा तपासणी अहवाल, जाळण्याजोगा माल कुठल्या कारखान्याला गेला त्याच्या पोचा. आणि काटा पावत्या, म्हणजे गाडी वजनकाट्यावर तोलल्याच्या पावत्या. माझा सगळा भरवसा काटा पावत्यांवर. अहवाल टेबलावर बसून लिहिता येतो, पण शेकडो पावत्यांवर गाडी नंबर, वजन आणि वेळ जुळवत बसायला चिकाटी लागते, ती कुणाकडे नसते.

शिवाय घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे नगरपरिषदेला दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत नमुना ४ मध्ये वार्षिक अहवाल वर पाठवावा लागे. २०२१-२२ पासून तीन वर्षांचे मागा. डेपोत किती कचरा आहे म्हणून त्यांनीच सांगितलंय ते दिसेल.

निंबोणी
+१. फक्त सगळं एका अर्जात कोंबू नका. आपल्या राज्याच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जाला एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

प्रती मागण्याआधी नस्ती, म्हणजे मूळ फाइल, बघायला मागा. कलम २ मध्ये अभिलेख पाहण्याचा, टिपणं घेण्याचा हक्क स्पष्ट दिलाय आणि पहिल्या तासाला पैसे नाहीत. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख दाखवायचे आहेत. ते परिपत्रक छापून पिशवीत ठेवा, कारण 'असं काही नसतं' हे वाक्य हमखास ऐकाल.

आमच्याकडे रस्त्यासाठी चिंचा तोडल्या तेव्हा मी वृक्ष प्राधिकरणाची नस्ती अशीच पाहिली. पंचनाम्यात 'धोकादायक चिंच' आणि शेजारी चिकटवलेला फोटो गुलमोहराचा. फुलांसकट! प्रती मागवल्या असत्या तर काळ्या झेरॉक्समध्ये कळलंच नसतं.

सह्यकडा
पाण्याबद्दल थोडं. तांबूस गाळ नुसत्या लोहाचाही असतो. तवंगाला काडी लावून बघा. काचेसारखे तुकडे झाले तर तो बहुधा लोहजिवाणूंचा, पुन्हा एकसंध जुळला तर तेलाचा संशय घ्या. 'डेपोमुळेच' असं आजच छातीठोकपणे लिहू नका, पुढे तेच तुमच्या अंगावर येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. क्लोराइड, नायट्रेट, एकूण विरघळलेले क्षार हे तर बघाच, जड धातूंचं वेगळं विचारा. डेपोच्या वरच्या अंगाच्या एखाद्या विहिरीचं पाणीही त्याच दिवशी द्या. तुलनेला दुसरी विहीर नसेल तर एकट्या अहवालाचा फार उपयोग नाही.

दुसरा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयाला. डेपोची परवानगी, पाहणी अहवाल, भूजल नमुन्यांचे निकाल, नगरपरिषदेला दिलेल्या नोटिसा. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत पुढे पाठवायला हवा, पण त्या भरवशावर राहू नका.

टोचणी
सगळं ठीक, पण गावातच राहायचंय ना? ठेकेदार कुणाचा तरी मेव्हणा असतोच.

जुना_कारकून
टोचणी, मुद्दा चुकीचा नाही. कारण सांगायची सक्ती नाही, पण नाव-पत्ता द्यावा लागतो आणि तो संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून उताराच्या आणखी दोन-तीन शेतकऱ्यांनी वेगवेगळे अर्ज करावेत. एक स्पीड पोस्टाने जाऊ द्या.

ताई, पहिल्या नकारावर अपिलात वेळ घालवू नका, नवीन अर्ज करा. त्यावर ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, २० रुपयांचं तिकीट. बहुतेक नगरपरिषदांत ते मुख्याधिकाऱ्यांकडे असतं. मुदत उलटली की माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, पण तिथली रांग लांबलचक. म्हणून पहिल्या सुनावणीला स्वतः हजर राहा.

'नस्ती आढळून येत नाही' म्हणाले तर तसं लेखी मागा आणि पत्रात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा उल्लेख करा. त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आमच्या वेळी हरवलेली नस्ती या एका ओळीने दुपारपर्यंत सापडायची.

विहीरवाली
सगळ्यांचे आभार, जरा उशिराच लिहितेय. परवाच्या सोमवारी तीन वाजता गेले, सोबत जाऊबाई. 'साहेब दौऱ्यावर आहेत.' परिपत्रक पुढे केलं. वीस मिनिटांनी शिपाई किल्ली घेऊन आला.

काटा पावत्यांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला. आम्ही दोघींनी तारखेप्रमाणे लावल्या. एकच डंपर, एकच दिवस, भरल्या गाडीची एक पावती ११.४० ची, दुसरी ११.५२ ची. कारखाना आमच्यापासून वीस किलोमीटर. जाऊबाई म्हणाल्या, हेलिकॉप्टर असेल! ४६ पानांच्या प्रती मागितल्या, ९२ रुपये भरले, पावती घेतली, तासाभरात प्रती हातात. वरच्या अंगाच्या विहिरीसह पाण्याचे नमुनेही दिलेत, निकाल यायचाय. काडी लावून पाहिली, तवंगाचे तुकडे झाले.

एक शंका. प्रतींवर कसलाच शिक्का नाही. चालेल का?

जुना_कारकून
नाही चालणार. उद्याच परत जा. 'माहिती अधिकारात दिलेली प्रमाणित प्रत', सही, हुद्दा, तारीख, आणि हे प्रत्येक पानावर. ११.५२ वाल्या पानावर तर आधी घ्या.