'गेन'ला मराठीत काय म्हणावं? आणि नियमन 'अचूक' की 'काटेकोर'?

शिक्षिका, तंत्रनिकेतन, नांदेड
डिप्लोमाच्या लेकरांसाठी रेडिओ लहरींच्या अ‍ॅम्प्लिफायरवर मराठीत टिपणं लिहायलेय. अ‍ॅम्प्लिफायरला विश्वकोशातला 'विवर्धक' घेतलाय. अडलंय ते 'गेन'वर, म्हणजे विवर्धक सिग्नल किती वाढवतो त्या मापावर. 'लाभ' सुचतो, हिंदी पुस्तकांत 'लब्धि' असतं. पण 'लाभ' म्हटलं की मोंढ्यातला नफा आठवतो, आणि विवर्धकाला फुकट काहीच मिळत नाही. वाढलेली शक्ती तो वीजपुरवठ्यातूनच घेतो. धडा आहे गेन झटपट आणि नेमका बदलण्याबद्दल. शब्द सुचवा.

रेडिओ दुरुस्ती, लातूर
ताई, शब्द आपल्याकडं आहे की! पट. आमचे वस्ताद विचारायचे, "ह्या स्टेजला किती पट?" गेन २० डेसिबल म्हणजे शक्ती शंभरपट, दोन्हीकडचा रोध सारखा असेल तर व्होल्टेज दसपट. यात नफ्यातोट्याचा वासही नाही.

आता गेन ताब्यात ठेवण्याचं. परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर जवळून जोरात लागतं. रात्री दूरचं केंद्र मात्र मध्येच बुडतं, मध्येच वर येतं. दोन्हींचा आवाज सारखा राहावा म्हणून डिटेक्टरमधून (लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागातून) निघालेलं डीसी व्होल्टेज मागं आय.एफ.च्या, म्हणजे मधल्या वारंवारतेच्या टप्प्याच्या, ट्रान्झिस्टरला देतात. सिग्नल जोरात आला की गेन उतरतो, मंदावला की चढतो. हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९२५ साली काढलेली ही युक्ती. आम्ही एजीसी म्हणतो, म्हणजे ऑटोमॅटिक गेन कंट्रोल.

शेतकरी, परभणी
हे तर कासऱ्याचं काम झालं. बैल पळाया लागले की आखडायचा, चढ लागला की ढिला सोडायचा. 'कासरा' म्हणा की.

शिक्षिका, नांदेड
काका, कासरा धड्यात नक्की घेते, समजवायला त्याहून चांगलं काही नाही. शीर्षकात 'नियमन' ठेवते. 'पट' मला फार आवडला, पण तो आकड्याशेजारीच शोभतो. शाळेत पट म्हणजे हजेरी. 'पटनियमन' वाचून कुणालाही विद्यार्थिसंख्या आठवेल. म्हणून शब्द 'गेन'च, आणि पहिल्याच ओळीत त्याचा अर्थ: 'किती पट'.

'झटपट'ला 'शीघ्र' चालेल का?

रेडिओ दुरुस्ती, लातूर
शब्द चालेल, पण कोणत्या बाजूनं शीघ्र ते लिहा. एजीसीचा वेग ठरवणारा कपॅसिटर फार लहान घातला तर गेन गाण्याच्याच मागं धावतो आणि खालचे सूर दाबून टाकतो. फार मोठा घातला तर बुडणारं केंद्र सावरेपर्यंत बातमी निघून जाते. बऱ्याच रिसीव्हरांत जोराचा सिग्नल आला की गेन लगेच उतरतो, परत मात्र हळूहळू चढतो. आमच्याकडं पोरांना असंच शिकवतो: पकड जलद, सोड सावकाश.

रडारवर काम केलेला, छत्रपती संभाजीनगर
'पकड' आणि 'सोड' हे शब्द ताईंनी तसेच घ्यावेत. यापेक्षा चांगले मी ऐकले नाहीत.

शीघ्र म्हणजे किती, ते रडारवरून सांगतो. २०१९ च्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी आपल्या शहरात रडार बसवलं होतं, अनेकांना आठवत असेल. कोणत्याही रडारला दर १५० मीटरला जाऊन-येऊन एक मायक्रोसेकंद लागतो. १५ किलोमीटरवरच्या पावसाचा प्रतिध्वनी १०० मायक्रोसेकंदांत येतो, १५० किलोमीटरवरचा १००० मध्ये. झोत भरून पाऊस असेल तर तेवढाच पाऊस दसपट अंतरावर शंभरपट क्षीण दिसतो. हा फरक गेननंच भरून काढायचा, तर मधल्या ९०० मायक्रोसेकंदांत तो २० डेसिबल चढवावा लागतो.

'अचूक' मात्र नको, 'काटेकोर' हवं. गेन उतरवायला सहा खटक्यांचा क्षीणक घ्या, म्हणजे जो खटका लावाल तेवढा सिग्नल कमी करणारा भाग: ०.५, १, २, ४, ८ आणि १६ डेसिबल, सगळे मिळून ३१.५. प्रत्येक पायरी बरोबर अर्ध्या डेसिबलची आहे, पण सगळं माप एक डेसिबलनं सरकलंय, असं समजा. हा काटेकोर आहे, अचूक नाही. तो एक डेसिबल आकडेमोडीत वळता करता येतो. पायऱ्याच लहानमोठ्या असतील तर प्रत्येक पायरीची वेगळी नोंद ठेवत बसावं लागतं. मराठीत आपण दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, म्हणून हा आग्रह.

आणि खरी अडचण पुढंच आहे. १५.५ वरून १६ वर जाताना पाच खटके सुटतात आणि एक लागतो. ते एका क्षणी झाले नाहीत तर मध्येच भलताच गेन मिळतो. जितकी घाई, तितका हा झटका जास्त बोचतो.

शेतकरी, परभणी
दारं धरताना हेच होतं. पाच सऱ्यांचं पाणी बंद करून सहावीला द्यायचं. आधी पाची बुजवल्या तर पाणी तुंबून पाट फुटतो. म्हणून आधी सहावी फोडायची, मग मागच्या बुजवायच्या. घटकाभर सगळीकडं पाणी कमी पडतं, पडू द्यावं.

रडारवर काम केलेला, छत्रपती संभाजीनगर
काका, मी अगदी हाच क्रम ठेवायचो. आधी १६ चा खटका लावायचा, मग बाकीचे सोडायचे. सिग्नल क्षणभर बुडतो, पण पुढच्या विवर्धकावर एकदम लोंढा जात नाही.

शिक्षिका, नांदेड
लोंढ्यानं विवर्धक भरून जातो, त्याला पुस्तकात 'संपृक्तता' आहे. तो शब्द परीक्षेसाठी ठेवते. समजावताना 'पाट फुटला' म्हणेन. शीर्षक लिहून टाकलं: 'गेनचं शीघ्र आणि काटेकोर नियमन'.